फडताळाची फळी आणि बेकलंडसाहेब

तर झालं असं, की गेल्या मे महिन्यात गावचं जुनं घर उतरवलं आणि मी माजघरातल्या फडताळाच्या फळीचे दोन तुकडे पुण्याला घेऊन आलो. आंब्याचं लाकूड, वाळवीने पार जाळी केलेली. आजीच्या लोणच्याच्या बरण्या त्याच फळीवर असायच्या. आत्या म्हणाली, "मला त्यातून कुंकवाचा करंडा करून दे."

असं लाकूड लेथवर चढवलं तर भुगाच व्हायचा. म्हणून साच्यात ठेवून त्यावर रेझिन ओतायचं आणि घट्ट झालेला ठोकळा कातायचा. पहिला तुकडा मी असाच ओतला. भोकांतली हवा आतच अडकली आणि कातताना एकेक बुडबुडा उघडा पडत गेला. करंडा कसला, अनारसा झाला! आता उरला एकच तुकडा. हात लावायची हिंमत होईना, म्हणून वाचायला बसलो.

तर गोष्ट सुरू होते आपल्या लाखेपासून. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांची ही राळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेच्या उपकरणांत वीजरोधक म्हणून तिला प्रचंड मागणी आली आणि ती जायची मुख्यतः भारतातून. तिला पर्याय शोधत होते अमेरिकेत स्थायिक झालेले बेल्जियन रसायनतज्ज्ञ लिओ बेकलंड. गंमत म्हणजे मधल्या काळात त्यांचा प्रयत्न लाकडात कृत्रिम राळ मुरवून ते टणक करण्याचा होता. म्हणजे अगदी माझाच उद्योग!

फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड एकत्र केलं की राळेसारखं काहीतरी होतं, हे जर्मनीत बायर यांनी १८७२ मध्येच पाहिलं होतं. पण तापवलं की त्याला फेस यायचा आणि हाती सच्छिद्र गोळा लागायचा. १९०७ मध्ये बेकलंडनी ते बंद लोखंडी भांड्यात दाबाखाली तापवलं. फेस दबला, बेकलाइट जन्मलं. १९०९ मध्ये पेटंटही मिळालं. ते भांडं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपून ठेवलं आहे. आपण वापरतो ते इपॉक्सी मात्र नंतरचं, १९३०-४० च्या दशकांतलं.

वाचता वाचता डोक्यात प्रकाश पडला. माझं रेझिन उकळत नाही, माझा शत्रू अडकलेली हवा. पण औषध तेच, दाब!

दुसरा तुकडा ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवला. रेझिन ओतलं आणि साचा तेवढा दाब सोसणाऱ्या खास भांड्यात ठेवून दर चौरस इंचाला ४० पौंड हवा भरली. एवढ्या दाबाखाली बुडबुडा सुमारे पावपट होतो आणि रेझिन घट्ट होईपर्यंत तसाच दबून राहतो. दुसऱ्या दिवशी भांडं उघडताना हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू? ठोकळा निघाला काचेसारखा. वाळवीची प्रत्येक वाट आत स्पष्ट दिसत होती.

झाकण मात्र मुद्दाम साध्या लाकडाचं केलं. सावंतवाडीचे कारागीर करतात तशी फिरत्या लाकडावर लाखेची लाल कांडी टेकवली. घर्षणाने लाख वितळली आणि रंग चढला. जिची जागा घ्यायला बेकलंडसाहेब निघाले होते, तिलाच वर बसवलं.

आत्याने करंडा हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि नाकाशी नेला.

"छान झालाय रे," ती म्हणाली. "पण लोणच्याचा वास गेला."

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. असो.