शेजारचे टेबल, दूरचा सहकारी

घरून काम बरे की ऑफिसातून, हा वाद मार्च 2020 नंतर आपल्याकडे घरोघरी पोचला. हिंजवडीच्या वाहतुकीत रोज अडकणाऱ्याचे उत्तर ठरलेले असते. पडद्याआडून नव्या पोरांना काम शिकवताना मेटाकुटीला आलेल्या टीम लीडचेही ठरलेले असते, आणि दोघांचाही अनुभव खरा असतो. या विषयात दोघांचे मनापासून स्वागत. अभ्यासाला निघायला याहून चांगली शिदोरी कोणती?

विषय महामारीहून बराच जुना आहे. 1973च्या सुमारास अमेरिकेत जॅक नाइल्स यांनी विचारले, की माणसाला कामाकडे नेण्यापेक्षा काम माणसाकडे का नेऊ नये? एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी संशोधन प्रयोगशाळांतले अभियंते कोण कोणाशी किती बोलतात ते मोजले आणि 1977मध्ये पुस्तकरूपाने मांडले. बसण्याच्या जागा लांबल्या की बोलणे झपाट्याने घटते. पन्नास मीटरच्या आसपास ते इतके रोडावते की पुढे अंतर वाढूनही फारसा फरक पडत नाही. म्हणजे एका छपराखाली बसूनही माणसे दूरच असतात.

मला स्वतःला सर्वांत मोलाचे वाटते ते ज्युलियन ऑर यांचे 1996चे पुस्तक. झेरॉक्सची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर ते हिंडले, जेवले, त्यांच्या गप्पा ऐकत बसले. कंपनीने दिलेल्या पुस्तिकेत ठरावीक बिघाडांचे उपाय छापलेले होते. पण यंत्र भलताच बिघाड दाखवू लागले की पुस्तिका हात टेकायची. मग दोघे तंत्रज्ञ यंत्रापाशी उभे राहून आधीच्या बिघाडांचे किस्से एकमेकांना सांगत, आणि सांगता सांगता मूळ दोष हाती लागे. वरवर वेळकाढू दिसणाऱ्या त्या गप्पा हेच त्यांचे खरे काम होते.

पुढचे अभ्यास आकड्यांचे आहेत, आणि ते एकमेकांशी भांडतात. शांघायमधल्या सीट्रिप कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी इच्छुकांपैकी सम तारखेला जन्मलेल्यांना नऊ महिने घरून काम दिले. त्यांचे काम 13 टक्क्यांनी वाढले. तरीही प्रयोग संपल्यावर निम्मे लोक ऑफिसात परतले. एकटेपणा हे त्याचे मोठे कारण. चेन्नईत डेटा एंट्री करणाऱ्यांवरच्या प्रयोगात मात्र घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता 18 टक्क्यांनी कमी भरली, आणि ज्यांना घरच हवे होते त्यांची घट अधिक होती. म्हणून कोणताही आकडा हाती घेताना आधी विचारावे: काम कोणते, घर कसे, आणि त्या घरात आणखी कोणाची जबाबदारी कोणावर?

एका अमेरिकी कंपनीतल्या सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या अभ्यासाने माझे लक्ष दुसरीकडे वळवले. एकत्र बसणाऱ्या गटांत नवख्यांच्या कोडवर जास्त अभिप्राय येत आणि ते लवकर तयार होत. पण शिकवणाऱ्या अनुभवी अभियंत्यांचे स्वतःचे काम मागे पडे. मला वाटते, या क्षेत्रातला कळीचा प्रश्न इथे आहे. शिकवण्यात गेलेला हा वेळ कोणत्याही हजेरीपटावर चढत नाही, मग घरातून काम होवो वा ऑफिसातून. नव्या अभ्यासकाने इथूनच सुरुवात करावी: आपल्या विभागातल्या सर्वांत नव्या माणसाला या आठवड्यात कोणी, कुठे आणि किती वेळ शिकवले, ते लिहून काढावे.