गाजर गवताचा त्वचादाह संसर्गजन्य नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते?

के. आर. पुरम (बंगळुरू) : पावसाळ्यात बंगळुरूच्या के. आर. पुरमसारख्या उपनगरांतील मोकळ्या भूखंडांवर पांढऱ्या फुलांचे गाजर गवत माजते. त्यामुळे चेहरा, पापण्या, मान व कोपराच्या घडीवर खाजरा दाह उठलेल्या रुग्णापासून लोक संसर्गाच्या भीतीने दूर राहतात. ही भीती निराधार असल्याचे त्वचेच्या पेशीच सांगतात.

मूळच्या अमेरिका खंडातील या वनस्पतीची नोंद पुण्यात १९५५ मध्ये झाली. तिच्यातील पार्थेनिन या रसायनाचा कोरडे कण व धुळीतून त्वचेशी वारंवार संपर्क आल्यास काहींची प्रतिकारशक्ती त्याला शत्रू मानू लागते. रोगजंतूंचा यात संबंध नसतो.

त्वचेचा लहानसा तुकडा तपासला असता, तीव्र अवस्थेत बाह्यत्वचेच्या पेशींमध्ये द्रव साचलेला दिसतो. पेशी परस्परांपासून दूर ढकलल्या जातात आणि थर स्पंजासारखा भासतो. यास ‘स्पाँजिओसिस’ म्हणतात. द्रव वाढल्यास सूक्ष्म फोड तयार होतात. खालच्या थरात रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी गोळा होतात. विकार जुना झाल्यावर बाह्यत्वचा जाड व राठ बनते.

अन्य असंसर्गजन्य विकारांचे चित्र वेगळे असते. सोरायसिसमध्ये सुमारे चार आठवड्यांत वर येणाऱ्या पेशी काही दिवसांतच पृष्ठभागावर पोहोचतात. अपक्व राहिल्याने त्यांच्यात केंद्रक शिल्लक दिसते. लायकेन प्लॅनसमध्ये बाह्यत्वचेच्या तळाच्या पेशी नष्ट होतात व त्यांच्याखाली लिम्फोसाइटचा पट्टा दिसतो. बुरशीच्या संसर्गात मात्र विशेष रंग वापरल्यास बुरशीचे तंतू आढळतात.

तथापि, स्पाँजिओसिस अनेक प्रकारच्या इसबात आढळतो. दाह कशाचा, हे केवळ त्यावरून ठरत नाही. त्यासाठी संशयित पदार्थाची पट्टी पाठीवर साधारण ४८ तास ठेवून ‘पॅच टेस्ट’ केली जाते.

गवताच्या नियंत्रणासाठी मेक्सिकोतून आणलेले झायगोग्रामा भुंगेरे १९८४ मध्ये बंगळुरू परिसरातच सोडण्यात आले होते. ते गवताची पाने खातात. मात्र गवताचे समूळ उच्चाटन झालेले नाही. त्यामुळे फुले येण्यापूर्वीच, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून ते उपटणे आवश्यक ठरते. ॲलर्जी असलेल्यांनी हे काम टाळावे, तसेच स्टेरॉइडयुक्त मलम स्वतःच्या मनाने न लावता त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.