शाळापूर्व तयारी (रावेर परिसर)

पहिलीत येणाऱ्या मुलाला ऐकलेले लक्षात ठेवणे, मनातले सांगणे, वस्तूंचे गट लावणे, आपल्या पाळीची वाट पाहणे आणि अनोळखी माणसांत रमणे कितपत साधते, त्यावरून ही तयारी ओळखतात. अक्षरओळख हा तिचा लहानसा भाग. पालक मात्र बहुधा तेवढाच मोजतात.

विचारकौशल्यांमध्ये स्मरण, मनाला आवर आणि बदललेल्या नियमाशी जुळवून घेणे ही मुख्य. ‘चिमणी उड, कावळा उड’ या खेळात ‘म्हैस उड’ म्हटल्यावर बोट न उचलणारे मूल आवर घालायला शिकलेले असते. चार ते आठ वर्षांच्या मुलांच्या ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०१९ च्या पाहणीत (२४ राज्ये, २६ जिल्हे) अशा बौद्धिक कृती जमणारी मुले भाषा-गणितातही पुढे आढळली. पाचव्या वर्षीच पहिलीत बसवलेली मुले सहा वर्षांच्या वर्गमित्रांच्या मागे होती. तरीही दाखल्याची घाई सुटत नाही.

रावेर हा जळगाव जिल्ह्यातला, मध्य प्रदेशाला लागून असलेला केळीचा तालुका. मुलांच्या कानावर घरी लेवा बोली, तडवी, पावरी किंवा उर्दू पडते. पहिलीचे पुस्तक बहुतेकांना प्रमाण मराठीत मिळते. पावरी बोलणारे मूल वर्गात गप्प राहिले, तर त्याला मंद ठरवणे ही शिक्षकाची चूक. आई सकाळीच मजुरीला गेली की धाकट्याला मोठी बहीण सांभाळते आणि तिची हजेरी बुडते. सालदाराचे बिऱ्हाड मालक बदलला की हलते, अंगणवाडीही सुटते. घरात गोष्टीचे पुस्तक नसणे ही खरी उणीव. पण घडाच्या फण्या मोजणारे, कच्ची-पिकली केळी वेगळी करणारे मूल गणनपूर्व तयारीच करत असते. शाळेला ती दिसायला हवी.

ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. १९५७ नंतर कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी अनुताईंनी कुरणातच शाळा नेली. सरकारी एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, अंगणवाड्या तिच्यातल्या.

२०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ या अभियानाखाली शाळापूर्व तयारी मेळावे होतात. तेथे मुलांच्या शारीरिक, बौद्धिक, भाषिक व गणनपूर्व कृती घेतात आणि घरी करायच्या खेळांसाठी मातांचे गट बांधतात. मेळावे सुट्टीच्या तोंडावर व शाळा उघडताना भरत असल्याने कामासाठी स्थलांतर केलेल्या कुटुंबांची मुले त्यांतून सहज निसटतात.