वीजस्थितीचे दर्शन (घरगुती उपकरणांवरील)

उपकरण चालू आहे, स्लीपमध्ये आहे की बंद, हे दिवे, चिन्हे आणि बटणे यांतून वापरणाऱ्याला कळवण्याची रीत. आयईईई या संस्थेच्या १६२१ क्रमांकाच्या मानकाने (२००४) यासाठी तीनच स्थिती मानल्या. चालूला हिरवा दिवा, स्लीपला पिवळसर नारिंगी. बंद असताना दिवा नाही. स्लीपचे चिन्ह चंद्रकोर. संगणकाच्या आत याहून अधिक स्थिती असतात. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये आणलेल्या एसीपीआय व्यवस्थेत एस० ते एस५ अशी उतरंडच आहे. ती घरातल्या माणसापुढे मांडू नये, हा या मानकाचा आग्रह रास्त आहे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या घरांत मात्र हे तीन शब्द अपुरे पडतात. केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात (मुदत ३१ मार्च २०१३) येथे घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. रिमोटने बंद केल्यावर अनेक बॉक्सवर लाल दिवा लागतो. आतले बरेचसे काम चालूच राहते आणि वीजही जात राहते. त्याच भिंतीवरच्या स्विचबोर्डवर लाल दिव्याचा अर्थ ‘वीज आहे’ असा असतो. एकाच रंगाचे दोन अर्थ वीतभर अंतरावर. म्हणून जाणती माणसे दिव्यावर विसंबत नाहीत, भिंतीवरचे बटणच बंद करतात.

दुसरी अडचण इन्व्हर्टरची. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत मुंबई शहर बरेचसे सुटले, पण महावितरणच्या क्षेत्रातील या पट्ट्यात रोज ठरलेल्या वेळी लाइट जात असे. इन्व्हर्टरवर पंखे, ट्यूब, टीव्ही एवढेच जोडायचे, फ्रीज नाही, ही वाटणी घराघरांत पाठ झाली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा-पडघा परिसरातील ४०० केव्ही वाहिन्यांच्या बिघाडानंतर मुंबईसह ठाणे, कल्याणपर्यंत अंधार झाला, तेव्हा नोकऱ्या आणि शाळा घरूनच चालू होत्या. वायफाय राउटरचा हिरवा दिवा अशा वेळी फक्त ‘चालू’ म्हणतो. वीज लाइनची की बॅटरीची, आणि किती वेळ पुरेल, हे सांगत नाही. ते इन्व्हर्टरच्या पुढच्या पट्टीवर असते, आणि इन्व्हर्टर बहुधा दाराआड किंवा बाल्कनीत. शिवाय ‘मेन्स’ आणि ‘बॅटरी लो’ यांचे रंग कंपनीगणिक बदलतात.

या भागासाठी उपकरण आखताना चौथी गोष्ट, म्हणजे विजेचा स्रोत, वेगळ्या दिव्याने दाखवावी. तोच दिवा स्थिती आणि स्रोत या दोन्हींसाठी वापरू नये. बॅटरीचा दर्शक खोलीतून दिसेल असा हवा आणि उरलेला वेळ मिनिटांत सांगणारा हवा. लाल-हिरव्यातला फरक काही पुरुषांना दिसत नाही, म्हणून रंगाला चिन्हाची किंवा मराठी शब्दाची जोड द्यावी. लुकलुकणे फक्त इशाऱ्यासाठी राखावे; स्लीपमध्येही दिवा लुकलुकत असेल, तर बॅटरी संपत आल्याचे कोणाच्या लक्षात येणार नाही.