आज्ञाधारक सेनापति : फ्रीडरिक पाऊलस

१९४३ सालच्या ३१ जानेवारीस, व्होल्गा नदीच्या तीरावरील स्टालिनग्राड शहरांत, एका उद्ध्वस्त दुकानाच्या तळघरांतून एक उंच, कृश, दाढी वाढलेला जर्मन सेनापति बाहेर आला व रशियनांच्या स्वाधीन झाला. आदल्याच दिवशीं हिटलरनें त्याला फील्डमार्शलचें पद दिलें होतें. जर्मन फील्डमार्शल शत्रूला शरण जात नाहीं, असा त्या पदाचा लौकिक होता. तेव्हां या बढतीचा अर्थ उघड होता. मरणाचा हुकूमच मानाच्या वस्त्रांत गुंडाळून धाडला होता. फ्रीडरिक पाऊलसनें सारी हयात वरिष्ठांचे हुकूम पाळण्यांत घालविली होती. हा मात्र त्यानें पाळला नाहीं.

पाऊलसचा जन्म २३ सप्टेंबर १८९० रोजीं हेसे प्रांतांत एका हिशेबनिसाच्या घरीं झाला. आरमारांत शिरण्याची त्याची इच्छा सफळ झाली नाहीं. कांहीं काळ मारबुर्ग येथें कायद्याचा अभ्यास करून १९१० सालीं तो पायदळांत दाखल झाला. नकाशा आणि आंकडे हें त्याचें खरें क्षेत्र होतें. १९४० सालीं सैन्याच्या मुख्य कचेरींत उपप्रमुख झाल्यावर रशियावरील स्वारीच्या आंखणींत त्याचा मोठा हात होता. त्या डिसेंबरांत त्याच्याच देखरेखीखालीं नकाशावर जी लुटुपुटीची लढाई झाली, तींतच दूरवर रसद पोंचविण्याची अडचण दिसून आली होती. १९४२ च्या जानेवारींत सहाव्या सेनेचें आधिपत्य त्याच्याकडे आलें. तोंवर त्यानें एका डिव्हिजनचेंहि नेतृत्व केलें नव्हतें, ही गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे.

ऑगस्टांत ही सेना व्होल्गाकांठीं पोंचली; जर्मन विमानांनीं शहराची राखरांगोळी केली आणि हजारों नागरिक प्राणांस मुकले. परंतु १९ व २० नोव्हेंबरला रशियनांनीं दोन्ही बगलांवर हल्ला चढविला, आणि चारपांच दिवसांत अडीच लाखांवर सैनिक वेढ्यांत सांपडले. पाऊलसनें माघारीची मोकळीक मागितली, हिटलरनें नाकारली. सेनेला दररोज किमान ३०० टन सामान हवें होतें. गोअरिंगनें तें विमानांनीं पुरविण्याचें वचन दिलें. प्रत्यक्षांत सरासरीनें त्याचा तिसरा हिस्साच पोंचला. हुकूम मोडून वेढा फोडावा, असा आग्रह सेनानी झायडलिट्सनें धरला होता. पाऊलसनें तो मानला नाहीं. डिसेंबरांत मॅनस्टाइनची कुमक सुमारें ५० किलोमीटरवर आली, तेव्हांहि परवानगी नाहीं व तेल अपुरें, म्हणून पाऊलस जागचा हलला नाहीं. ८ जानेवारीस रशियनांनीं देऊं केलेली शरणागतीहि त्यानें झिडकारली.

त्याच्या बाजूनें असें म्हणतां येईल कीं, वेढ्यांतील सेनेनें रशियन फौजा गुंतवून ठेविल्या, म्हणूनच कॉकेशसमधील जर्मन सैन्य निसटूं शकलें. या म्हणण्यांत तथ्य आहे. पण रसदीचा हिशेब जाणणाऱ्या माणसाला, उपाशी व गोठलेल्या सैनिकांचें पुढें काय होणार, हें कळत नव्हतें असें कोण म्हणेल? त्याला ज्ञान होतें. त्या ज्ञानाची जबाबदारी शिरावर घेण्याचें धैर्य नव्हतें. आणि जो हुकूम त्यानें मोडला, तो स्वतःच्या मरणाचा होता.

कैदेंत, १९४४ च्या ऑगस्टांत, त्यानें हिटलरविरुद्ध जाहीर आवाहन केलें. १९४६ सालीं न्यूरेंबर्गच्या खटल्यांत साक्ष दिली. त्याचा एक मुलगा १९४४ सालीं इटलींत पडला. पत्नी १९४९ सालीं, त्याची पुन्हा भेट न होतां, वारली. १९५३ सालीं सुटून तो ड्रेस्डेन येथें राहिला, व १ फेब्रुवारी १९५७ रोजीं तेथेंच निवर्तला.

स्टालिनग्राड येथें सुमारें ९१,००० जर्मन कैद झाले होते. त्यांपैकीं मायदेशीं परतले अवघे पांच-सहा हजार. सेनापतीच्या आज्ञाधारकपणाचें मोल ठरवितांना हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं मांडून पाहावे.