बिनलोखंडाचं घर

दर पावसाळ्यात ‘कुलाबा इतके मिलिमीटर, सांताक्रूझ तितके’ असं आपण वाचतो. त्यातली कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये बांधली, ती ताऱ्यांचे वेध घ्यायला आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ द्यायला. १८४१ पासून तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजायला सुरुवात झाली. आपले केरूनाना छत्रे अगदी कोवळ्या वयात तिथे साहाय्यक होते. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून उठलेलं चुंबकीय वादळ इथल्या माणसांनी नजरेनं आकडे वाचून नोंदवलं. जगभरचे अभ्यासक त्या नोंदी अजून उघडून बसतात.

पण चुंबकत्व मोजणाऱ्या सुईला शेजार सोसत नाही. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम आली, ती निभावली. १९०० मध्ये विजेच्या ट्रामचं ठरलं आणि पेच पडला. तिचा वीजप्रवाह रुळांतून परततो आणि वाटेत थोडा जमिनीत झिरपतो. सुई मग पृथ्वीचं सांगते की ट्रामचं, हेच कळेनासं होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय मोजणीसाठी खाडीपलीकडचं अलिबाग निवडलं.

तिथलं बांधकाम बघण्यासारखं. आपल्या कोकणातला काळा दगड स्वतःच चुंबकीय, म्हणजे घराच्या भिंतीच सुईला फितवणार. म्हणून पोरबंदरचा दगड पारखून आणला. जिथे एरवी लोखंडी खिळा ठोकला असता, तिथे तांबं, पितळ, कासं वापरलं. उष्णतेनंही उपकरणं बिघडतात, म्हणून खोलीच्या आत खोली बांधली.

मला सर्वांत मोल वाटतं ते त्यानंतरच्या दोन वर्षांचं. १९०४ ते १९०६ कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे जोडता यावेत. साठ वर्षांची माळ तुटू नये, एवढ्यासाठी ही दुहेरी मेहनत! मगच कुलाब्याची चुंबकीय मोजणी थांबली. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली.

ती ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, रूळही उखडले गेले. सुई कुलाब्याला परतली नाही. अलिबागच्या त्या दगडी खोल्यांत माळ पुढे ओवली जातेच आहे.