अभिवादन, सैनिकी

गणवेशधारी सैनिकाने वा अधिकाऱ्याने आपल्याहून वरिष्ठ अधिकाऱ्यास, तसेच राष्ट्रध्वज, राष्ट्रगीत इत्यादींस नियमबद्ध रीतीने दिलेली मानवंदना म्हणजे सैनिकी अभिवादन होय. हाताने करावयाचे अभिवादन, बंदूक वा तलवार यांनी द्यावयाची सलामी आणि तोफांची सलामी असे त्याचे मुख्य प्रकार आहेत. प्रस्तुत नोंदीत कनिष्ठ व वरिष्ठ यांच्यामधील हस्ताभिवादनाचा विचार केला आहे.

उजवा हात उघडा दाखवून आपण निःशस्त्र असल्याची ग्वाही देणे, किंवा यूरोपीय सरदारांनी शिरस्त्राणाचा पडदा वर सारून मुख दाखविणे, यांतून ही प्रथा निघाली असे सांगितले जाते. तथापि त्यास निर्णायक पुरावा नाही. लिखित पुरावा आहे तो टोपी काढून वंदन करण्याच्या रिवाजाचा. ब्रिटनच्या कोल्डस्ट्रीम गार्ड्‌स या पलटणीत १७४५ साली निघालेल्या आदेशान्वये सैनिकांनी टोपी न काढता केवळ टोपीला हात लावून मान लववावी, असे ठरले. पुढे लववणे गेले व हात राहिला. ज्या बाजूस अधिकारी असेल त्याच्या विरुद्ध बाजूचा हात वापरण्याची ब्रिटिश भूसेनेतील पद्धत पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस संपुष्टात येऊन उजव्या हाताचाच वापर रूढ झाला.

भारतात मोगल दरबारी कुर्निसात व तस्लीम हे प्रकार होते. उजव्या हाताचा तळवा कपाळी ठेवून मस्तक लवविणे म्हणजे कुर्निसात. तर हाताची मागील बाजू जमिनीस टेकवून सावकाश उभे राहात तळवा मस्तकावर ठेवणे म्हणजे तस्लीम, असे वर्णन आईन-इ-अकबरीत आढळते. मराठ्यांच्या दरबारातील मुजरा याच कुळातील होय. मात्र या वंदनात आणि आधुनिक सैनिकी अभिवादनात एक मूलभूत भेद आहे. दरबारी वंदन धन्यास उद्देशून असे व त्यास प्रतिवंदन करण्याचे बंधन धन्यावर नसे. सैनिकी अभिवादन व्यक्तीस नसून तिला मिळालेल्या अधिकारपत्रास, म्हणजे कमिशनास, असते. म्हणून कनिष्ठाने प्रथम अभिवादन करणे जितके आवश्यक, तितकेच वरिष्ठाने ते स्वीकारून प्रत्यभिवादन करणे आवश्यक मानले जाते. समान हुद्द्याच्या अधिकाऱ्यांत ज्येष्ठता साधारणतः त्या हुद्द्यावरील नेमणुकीच्या तारखेवरून ठरते.

भारतीय भूसेनेत बोटे व अंगठा जुळवून, तळवा समोर दिसेल असा हात भुवईजवळ नेतात. नौसेनेत तळवा खाली वळविलेला असतो. डांबर व वंगण यांनी माखलेले हात दिसू नयेत म्हणून ही रीत पडली, अशी समजूत आहे. वायुसेनेची पद्धत पूर्वी भूसेनेप्रमाणेच होती. २००६ पासून तीत तळवा जमिनीशी सुमारे ४५° चा कोन करून धरतात. डोक्यावर टोपी वा पगडी नसेल, तर हात न उचलता सावधान स्थितीत उभे राहून मान दिला जातो. आघाडीवर अभिवादन टाळले जाते. कारण त्यामुळे अधिकारी कोण हे शत्रूच्या नेमबाजास ओळखता येते.

अभिवादन कोणी कोणास करावे, या प्रश्नामागे सत्तेचा प्रश्न दडलेला असतो. ब्रिटिश अमदानीतील हिंदी सैन्यात जमादार, सुभेदार, रिसालदार यांना व्हाइसरॉयचे कमिशन असे. त्यांचा अधिकार हिंदी सैनिकांपुरताच मर्यादित होता. पंचवीस-तीस वर्षे सेवा केलेल्या सुभेदारासही नुकत्याच दाखल झालेल्या इंग्रज सेकंड लेफ्टनंटला सलाम करावा लागे. १९१८ पासून सँडहर्स्ट येथे हिंदी तरुणांसाठी दरवर्षी दहा जागा राखल्या गेल्या व त्यांतून राजाचे कमिशन मिळालेले हिंदी अधिकारी निर्माण झाले. परंतु १९३२ मध्ये स्थापन झालेल्या डेहराडूनच्या अकादमीतून बाहेर पडणाऱ्यांचा हुकूम आरंभी पुन्हा हिंदी सैन्यापुरताच ठेवण्यात आला. एकाच हुद्द्याची चिन्हे धारण करणाऱ्या दोन अधिकाऱ्यांचे अधिकार अशा रीतीने असमान राहिले. हा भेद दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोडत गेला. २६ जानेवारी १९५० पासून भारतात कमिशन राष्ट्रपतींच्या नावे दिले जाते. आझाद हिंद सेनेने रूढ केलेला ‘जय हिंद’ हा उद्‌गारही स्वतंत्र भारताच्या सैन्यात अभिवादनासमवेत प्रचलित झाला.

अन्यत्रही हा प्रश्न राजकीय ठरला. पेट्रोग्राड सोव्हिएटने मार्च १९१७ मध्ये काढलेल्या पहिल्या आदेशाने कामावर नसताना सैनिकांनी सलाम करण्याची सक्ती रद्द केली व अधिकाऱ्यांनी सैनिकांस एकेरीत संबोधण्यास मनाई केली. वर्षाअखेरीस हुद्देही रद्द झाले. पण मोठी सेना चालविताना ते व अभिवादन दोन्ही कालांतराने परत आणावी लागली. जर्मनीत जुलै १९४४ मधील हिटलरच्या हत्येचा कट फसल्यानंतर सेनेवर नाझी अभिवादन लादण्यात आले. राष्ट्राच्या सेनेस पक्षाची खूण स्वीकारावी लागली. अमेरिकेत १९४६ साली डूलिटल मंडळाने छावणीबाहेर व कामावर नसताना अभिवादनाची सक्ती नसावी, अशी शिफारस केली होती.

युद्धबंद्यांविषयीच्या १९४९ च्या तिसऱ्या जिनीव्हा करारातील ३९ व्या अनुच्छेदानुसार बंदी सैनिकांनी शत्रूच्या सर्व अधिकाऱ्यांस अभिवादन करावयाचे असते. बंदी अधिकाऱ्याने मात्र आपल्याहून वरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यासच ते करावे. अपवाद छावणीप्रमुखाचा, त्याचा हुद्दा कोणताही असो. पराभवाने स्वातंत्र्य गेले, तरी हुद्दा जात नाही, हे तत्त्व येथे मान्य झालेले दिसते. शिस्त राखणे हा अभिवादनाचा उघड हेतू होय. परंतु ते दोन्ही बाजूंनी पाळले जाते तेव्हाच त्याला मानाचे रूप येते. प्रत्यभिवादन न करणारा वरिष्ठ नियमाबरोबरच स्वतःच्या कमिशनाचाही अवमान करतो, असे म्हणता येईल.